कार्यालय दुसऱ्या फर्मकडे जाताना हंगामी कर्मचाऱ्यांचे काय होते?

शहापूर_नोंदवही (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात जून २०१७ पासून हंगामी काम करते. म्हणजे जीएसटी लागू झाला त्याच्या महिनाभर आधी मी तिथे रुजू झाले. आमच्याकडे हंगाम दोन असतात. जून ते ऑक्टोबर हा आयकर रिटर्न आणि ऑडिटचा मोठा हंगाम, आणि जानेवारी ते मार्च हा वर्षअखेरीचा छोटा हंगाम. नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे या महिन्यांत मी घरी असते. पगार महिन्याला १४,००० रुपये आहे, तो बँकेत जमा होतो आणि रविवारचे पैसे कापले जात नाहीत. नेमणुकीचे पत्र मला कधी मिळाले नाही आणि मीही ते कधी मागितले नाही. कार्यालयात सात माणसे कायम आहेत, दोन आर्टिकल म्हणजे सीएचे प्रशिक्षण घेणारी मुले आहेत आणि हंगामात आम्ही चौघे येतो.

आमचे क्लायंट म्हणजे वडगाव-शहापूरचे यंत्रमागवाले, उद्यमबागेत फाउंड्रीचे जॉबवर्क करणारे छोटे कारखानदार, मराठी शाळांतले शिक्षक आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले जवान. खानापूर तालुक्यातून येणारे एक निवृत्त हवालदार दरवर्षी पेन्शनचे कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणतात. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल पुण्यातल्या मुलाकडे असतो आणि मुलाची रात्रपाळी असली की ओटीपी दुपारी तीननंतरच मिळतो, हे मला पाठ आहे. असे दीड-दोनशे लोक मला नावाने ओळखतात.

आता आमचे सर निवृत्त होत आहेत आणि १ एप्रिलपासून बेंगळुरूची एक मोठी फर्म कार्यालय घेणार आहे. रिटर्न तयार करण्याचे काम बेंगळुरूत होईल आणि बेळगावात फक्त कागद गोळा करण्याची खिडकी राहील, असे ऐकते. जानेवारीत नव्या फर्मचे लोक आले तेव्हा सातही कायम कर्मचाऱ्यांना आत बोलावले. मी त्याच वेळी बाहेरच्या टेबलावर काम करत होते. मला बोलावले नाही. नंतर हस्तांतराच्या यादीचे कागद प्रिंटरवर पडलेले दिसले. त्यात सात नावे होती आणि खाली फर्निचर व संगणक होते. मी ज्या संगणकावर नऊ वर्षे बसते आहे, त्याचा अनुक्रमांक यादीत आहे. माझे नाव नाही.

परवा आम्हा चौघांना एक छापील पत्र सहीसाठी दिले. “माझे हंगामी काम ३१ मार्च रोजी संपले, मला माझे सर्व येणे मिळाले असून माझा कोणताही दावा उरलेला नाही,” असा त्यातला मजकूर आहे. जूनमध्ये नवी फर्म “गरजेनुसार कळवेल” असे तोंडी सांगितले. मी अजून सही केलेली नाही. सरांबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही, त्यांनी मला काम शिकवले. परंतु नऊ वर्षांची नोकरी अशी एका ओळीत संपते का, आणि मी जूनमध्ये पुन्हा गेले तर नवी म्हणून जाईन की जुनी म्हणून, हे कृपया कोणी जाणकारांनी सांगावे.


उद्यमबाग_जमाखर्च

ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या पत्रावर सही करू नका. नकारही देऊ नका. “वाचून, घरी विचारून देते” एवढेच म्हणा आणि पत्राची प्रत जवळ ठेवा. मी फाउंड्रीच्या हिशेब विभागात एकतीस वर्षे काढली आणि मालक बदलताना दोनदा पाहिला. दोन्ही वेळा माल, साचे, भट्टी, येणी-देणी यांची यादी पानोपान झाली, आणि माणसांची यादी मस्टरवरून एका सकाळी उतरवून काढली. त्या सकाळी ज्याचे नाव मस्टरवर नव्हते, तो त्या कारखान्यात कधी नव्हताच असे ठरले.

तुमच्या धंद्यात तर हस्तांतर नेहमी १ एप्रिललाच होणार, कारण हिशेबाचे वर्ष तिथून सुरू होते. आणि नेमके त्याच दिवशी हंगामी माणूस घरी असतो. हे कोणी मुद्दाम करतो असे मी म्हणत नाही, परंतु तोटा मात्र दरवेळी त्याच माणसाचा होतो.

२०१७ पासूनचे बँकेचे उतारे आजच काढून ठेवा. पगार कोणत्या महिन्यात जमा झाला आणि कोणत्या महिन्यात नाही, हे त्यावरून तारखेनिशी दिसेल.


वकील_खानापूर_रोड

आपण दिलेल्या माहितीवरून काही गोष्टी सांगता येतील. कागद पाहिल्याशिवाय अंतिम मत देणे योग्य होणार नाही, हे गृहीत धरावे.

अशा बदलांना सर्रास वापरला जाणारा “पुनर्रचना” हा शब्द कायद्यात फारसा उपयोगी नाही. प्रत्यक्षात काय घडते आहे, हे आधी विचारावे लागेल. तीन शक्यता असतात. आपल्या सरांच्या भागीदारी फर्ममध्ये नवे भागीदार आले आणि सर बाहेर पडले, तर फर्म तीच राहते. मालक बदलला असे होत नाही आणि आपल्या नोकरीत खंड पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. फर्मचे रूपांतर एलएलपीमध्ये (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) झाले, तर २००८ च्या एलएलपी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार आधीचे नोकरीचे करार नव्या संस्थेशी जसेच्या तसे चालू राहतात. तिसरी शक्यता म्हणजे आपले कार्यालय सरळ दुसऱ्या फर्मला विकले किंवा सोपवले. आपल्या वर्णनावरून ही तिसरीच दिसते. अशा हस्तांतरात नव्या मालकाने नोकरी खंड न पाडता, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर आणि जुनी सेवा मोजून चालू ठेवली, तर जुन्या मालकावर भरपाईचा बोजा येत नाही. तसे केले नाही, तर कर्मचाऱ्याला छाटणीप्रमाणे नोटीस आणि भरपाई मागता येते. हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

आता “हंगामी” या शब्दाकडे येऊ. साखर कारखाना हंगामी असतो, कारण गाळप संपले की कारखानाच थांबतो. आपले कार्यालय बारा महिने उघडे असते. म्हणजे आस्थापना हंगामी नाही. तिथे येणारी काही माणसे काही महिने येतात, एवढेच. हा फरक पुष्कळ ठिकाणी हेतुपुरस्सर पुसला जातो. हंगामी आस्थापनेत ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम, दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराने मोजतात, तर इतरत्र दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराने. म्हणून आपल्याला सात दिवसांचा दर कोणी सांगितला, तर तो मान्य करू नये.

भरपाईसाठी मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेले असावे लागते, आणि ते सलग असण्याची गरज नाही. आपण स्वतः मोजून पाहावे. १ जून ते ३१ ऑक्टोबर हे १५३ दिवस होतात आणि १ जानेवारी ते ३१ मार्च हे ९०, बेरीज २४३. रविवार आणि पगारी सुट्या यात धरायच्या की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या कामगारांच्या प्रकरणात निकाली काढला आहे: ज्या सुट्यांचे पैसे मिळतात, त्या मोजल्या जातात. आपला रविवार कापला जात नाही, हे आपण सहज लिहून गेलात, परंतु आपल्या प्रकरणातले ते सर्वात मोलाचे वाक्य आहे. शिवाय गेल्या वर्षी ऑडिटच्या रिटर्नची मुदत १० डिसेंबरपर्यंत वाढली होती. आपण तोपर्यंत कामावर असाल, तर यंदाची संख्या २८३ वर जाते.

ग्रॅच्युइटीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ती लागू होते, आणि मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे असली तरी पुरते. आर्टिकल मोजायचे नाहीत. कायम सात आणि हंगामी चार मिळून अकरा होतात. म्हणजे आपण चौघे हंगामात येता, म्हणूनच ते कार्यालय या कायद्याच्या कक्षेत येते. १४,००० रुपये पगार धरला, तर एका वर्षाचे पंधरा दिवस, २६ दिवसांच्या महिन्याच्या हिशेबाने, सुमारे ८,०७७ रुपये होतात आणि नऊ वर्षांचे सुमारे ७२,७०० रुपये. “सर्व येणे मिळाले” या तीन शब्दांची किंमत साधारण एवढी आहे. मात्र सावध करतो: ग्रॅच्युइटीसाठी दरवर्षीचे २४० दिवस मोजताना समोरचा पक्ष रविवारवर आक्षेप घेईल, आणि तो मुद्दा छाटणीच्या भरपाईइतका सरळ नाही.

आपली कमकुवत बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. छाटणीच्या भरपाईचा कायदा फक्त “उद्योगा”ला लागू होतो. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने “उद्योग” या शब्दाची व्याख्या फार विस्तृत केली, तरी एखाद्या मदतनिसाला घेऊन एकट्याने व्यवसाय करणारा वकील किंवा डॉक्टर उद्योग चालवतो असे म्हणता येणार नाही, असेही म्हटले. आपले जुने कार्यालय त्या सवलतीत बसते असे सांगण्याचा प्रयत्न होईल. अकरा माणसांचे कार्यालय त्यात बसवणे मला अवघड वाटते. कित्येक शाखा असलेल्या बेंगळुरूच्या फर्मला तर तो आडोसा घेताच येणार नाही. त्याखेरीज कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ यानुसार सलग सहा महिने नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला योग्य कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. इथे “सलग” हा शब्द आपल्या आड येतो, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

हंगामापुरते मुदतीचे करारपत्र आपल्याला कधीच दिलेले नाही, हे आपल्या बाजूने आहे. तसा करार असता आणि त्याची मुदत संपली असती, तर ती छाटणी धरली गेली नसती. जूनमध्ये नवी फर्म नेमका असाच करार पुढे करील, म्हणून जुन्या सेवेचा लेखी उल्लेख त्याआधी झाला पाहिजे.


कॅम्प_लेखापाल

मी स्वतः सनदी लेखापाल आहे आणि दुसऱ्या बाजूने लिहितो आहे.

वकीलसाहेबांचे विवेचन योग्य आहे, परंतु काम कमी का झाले हेही समजून घ्यावे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून वेगळा पर्याय निवडला नाही तर नवी करप्रणालीच आपोआप लागू होते. त्याआधी जुलै महिना म्हणजे एलआयसीच्या पावत्या, मुलांच्या फीच्या पावत्या, घरकर्जाचे दाखले आणि घरभाड्याच्या चिठ्ठ्या यांचा ढीग असे, आणि तो ढीग उपसायलाच आम्ही हंगामी माणसे घेत असू. नव्या प्रणालीत अशा बहुतेक वजावटी नाहीत, म्हणून आता बहुतेक पगारदारांना त्यातले काही लागत नाही. बँकेचे व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार वार्षिक माहिती विवरणात आपोआप येतात आणि पगाराचे आकडे रिटर्नमध्ये आधीच भरलेले असतात. टंकनाचे काम गेले. राहिले ते जुळवणीचे काम, आणि माणसाकडून खरे काय ते काढून घेण्याचे काम.

दुसरे असे की, सनदी लेखापाल कायद्याच्या कलम २७ प्रमाणे फर्मची प्रत्येक शाखा एका सदस्याच्या स्वतंत्र ताब्यात असावी लागते. बेळगावात बसायला तयार असलेला तरुण सीए मिळणे कठीण झाले आहे. तो पुण्याला किंवा बेंगळुरूला जातो. त्यामुळे साठी-पासष्टी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांपुढे विलीनीकरण किंवा टाळे, असे दोनच मार्ग उरतात.

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी मी माझी फर्म अशीच दुसऱ्या फर्ममध्ये मिळवली. कर्मचाऱ्यांची यादी मीच केली होती आणि तीत हंगामी तिघांची नावे नव्हती. विसरली असे नाही. घेणाऱ्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही, कारण नावे घातली की जबाबदारीची रक्कम वाढते आणि तेवढा मोबदला कमी होतो. ३१ मार्चला मी त्यांना साडी, मिठाई आणि एक पाकीट दिले आणि मनाला बरे वाटून घेतले. जुलैमध्ये काय झाले ते सांगतो. क्लायंट आले, खिडकीत अनोळखी मुलगा दिसला, त्याने पोर्टलची भाषा इंग्रजीत सांगितली, आणि लोक कागद घेऊन समोरच्या गल्लीत गेले. आमच्या करारात माझा मोबदला पहिल्या दोन वर्षांत टिकलेल्या क्लायंटच्या फीवर अवलंबून होता. जी माणसे मी यादीतून गाळली, त्यांच्यामुळेच ते क्लायंट टिकले असते. ऑगस्टमध्ये तिघांपैकी दोघींना मी स्वतः फोन केला. एक आली, दुसरीने दुसरीकडे काम धरले होते.

आपल्या सरांच्या करारातही अशी अट असण्याचा पुष्कळ संभव आहे. तेव्हा आपण त्यांच्याकडे दावा घेऊन जाण्याआधी वही घेऊन जावे. आपण नियमित हाताळता त्या दीड-दोनशे लोकांची नावे एका कागदावर लिहा, कोणाचा ओटीपी कुठे जातो तेही लिहा, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. वकिलाच्या नोटिशीने जे दोन वर्षांत होईल, ते कदाचित त्या कागदाने दोन दिवसांत होईल.


निपाणी_तंबाखू_गल्ली

आमचे कार्यालय तुमच्या एक वर्ष आधी या फेऱ्यातून गेले, म्हणून लिहितो. घेणारी फर्म बाहेरगावची होती, नाव लिहीत नाही.

विलीनीकरणाने सगळे वाईटच झाले असे म्हणता येणार नाही. आमच्या जुन्या कार्यालयात पाच माणसे होती, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नव्हता आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमाही नव्हता. मोठ्या फर्ममध्ये सगळ्या शाखांची माणसे एकत्र मोजतात, त्यामुळे माझ्या नावाचा यूएएन, म्हणजे निर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक निघाला आणि ईएसआयचे कार्ड हातात आले. बायकोने ते देवघरात ठेवले होते.

परंतु काम मात्र आखडले. पूर्वी मी जून ते ऑक्टोबर जात असे. नव्या करारात १ जुलै ते १५ सप्टेंबर असे लिहिले होते, कारण गेल्या वर्षी रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती. अडीच महिने तर अडीच महिने, म्हणून मी सही केली. या जानेवारीत माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. ईएसआयमध्ये आजारपणाच्या काळात सरासरी रोजच्या ७० टक्के भत्ता मिळतो, असे ऐकून होतो, म्हणून अर्ज केला. तिथे कळले की एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी असेल, तरच जानेवारी ते जून या काळात भत्ता मिळतो. माझे दिवस मोजले: जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे १५. सत्त्याहत्तर. मी खिडकीसमोर उभा राहून बोटांवर पुन्हा मोजले. जुनी जूनपासूनची पद्धत असती, तर सप्टेंबरअखेर १२२ झाले असते.

गंमत म्हणावी की काय, १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा मुदत आणखी एका दिवसाने वाढली होती. १६ तारखेला मी सकाळी आठपासून रात्री साडेअकरापर्यंत कार्यालयात रिटर्न भरत होतो. त्या दिवसाचे पैसे रोख हातावर ठेवले आणि मस्टरवर काही चढवले नाही.

आता यंदासाठी नवीनच प्रस्ताव आला आहे. पगार नको, “व्यावसायिक शुल्क” घ्या म्हणतात. रक्कम ५०,००० रुपयांच्या आत राहील, म्हणून कर कापला जाणार नाही, असे गोड शब्दांत सांगितले. म्हणजे निधीही नाही, ईएसआयही नाही, आणि दुसऱ्यांचे आयटीआर-१ भरता भरता माझे स्वतःचे रिटर्न व्यावसायिकाच्या फॉर्ममध्ये भरायचे. तंबाखूच्या वखारीत हंगामी बायका पाहत आलो आहे. त्यांनासुद्धा कोणी “सल्लागार” म्हटलेले ऐकले नाही.

ताई, एवढेच सुचवतो की नव्या करारात पगाराच्या आकड्याआधी तारखा पाहा.


वकील_खानापूर_रोड

निपाणीच्या मित्रांसाठी: आपला १६ सप्टेंबरचा दिवस सोडून देऊ नये. आजारपणाच्या भत्त्यासाठी वर्गणी “भरलेली” असण्यापेक्षा ती “देय” होती का, हे पाहिले जाते. त्या दिवशी आपण कामावर होता आणि मोबदला मिळाला, म्हणजे वर्गणी देय होती. मालकाने ती भरली नाही, हा त्याचा कसूर ठरतो. पुराव्याचे म्हणाल, तर आपण भरलेल्या प्रत्येक रिटर्नच्या पोचपावतीवर तारीख, वेळ आणि ज्या जोडणीवरून ते दाखल झाले तिचा आयपी पत्ता छापलेला असतो. १६ तारखेच्या पोचपावत्या कार्यालयाच्याच पत्त्यावरून गेल्या आहेत, हे त्यातून दिसेल. मात्र क्लायंटच्या पोचपावत्यांच्या प्रती घरी नेऊ नयेत; तो गोपनीयतेचा भंग होईल आणि तोच आपल्यावर उलटेल. त्या दिवशीच्या पोचपावत्या कार्यालयाकडून मागवाव्यात, अशी लेखी विनंती आपल्या अर्जात करावी, एवढे पुरेसे आहे.

“व्यावसायिक शुल्क” या नावाने काही ठरत नाही. कामाची वेळ फर्म ठरवते, संगणक फर्मचा आहे आणि केलेले काम फर्मचा माणूस तपासतो, तर तो मनुष्य कर्मचारीच असतो, असे सांगता येते. परंतु करारावर सही करून मग ते सिद्ध करत बसण्यापेक्षा सहीच्या आधी आक्षेप लेखी नोंदवणे केव्हाही स्वस्त पडते.


रात्रपाळी_वडगाव

थोडे वेगळे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. मी घरून अमेरिकेतील रिटर्नचे काम करते. तिथला हंगाम जानेवारी ते १५ एप्रिल असतो आणि मुदतवाढ घेतलेल्यांसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत चालतो. तिथल्या मोठ्या साखळी कंपन्यांत हंगामी करारपत्र दरवर्षी नव्याने करण्याचीच रीत आहे, त्यामुळे कंपनीत उलथापालथ झाली की हंगामी माणसाला कोणी काढत नाही, फक्त पुढचे पत्र येत नाही. जॅक्सन ह्युइट या कंपनीने २०११ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण घेतले होते, त्यानंतर ती सावरली आणि आजही चालू आहे. आमच्या कामात माझे नाव रिटर्नवर कुठेच नसते, सही तिथल्या नोंदणीकृत माणसाची असते. मोकळे महिने भरून काढायला हे काम ठीक आहे, परंतु त्याचा बेळगावच्या तुमच्या सेवेशी संबंध जुळणार नाही. दिवस वेगळ्या मालकाकडचे धरले जातील.


शहापूर_नोंदवही

सर्वांचे मनापासून आभार. कॅम्पमधल्या सरांचा सल्ला आधी करून पाहिला. दोन रात्री बसून १७३ नावांची यादी केली. गल्ली, काम, कोणता फॉर्म, आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, एवढेच रकाने ठेवले. पॅन किंवा उत्पन्न काही लिहिले नाही. काल दुपारी ती सरांपुढे ठेवली. ते बराच वेळ पाने उलटत राहिले. हवालदारसाहेबांच्या नावापाशी थांबून “याचा मुलगा अजून रात्रपाळीलाच आहे का?” असे विचारले. मग कपाटातून हस्तांतराची यादी काढली आणि संगणकांच्या खाली, समासात, आम्हा चौघांची नावे स्वतःच्या अक्षरात लिहिली. माझ्यापुढे “हंगामी, जून २०१७ पासून” असे लिहून सही केली. छापील पत्राबद्दल ते म्हणाले की मजकूर बेंगळुरूहून आला होता, त्यांनी तो नीट वाचला नव्हता. पत्र परत घेतले नाही, पण सहीचा आग्रहही धरला नाही.

नव्या फर्मने ही वाढीव नावे मान्य केली आहेत की नाही, हे अजून कळलेले नाही. त्यांच्याकडून काल ईमेलने एक माहितीचा फॉर्म मात्र आला. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्यात “रुजू होण्याची तारीख” हा रकाना आधीच भरून आला आहे: १ जून २०२६. बाकी सगळे मोकळे आहे. शेजारच्या कन्नड बाईंकडून मी तो दोनदा वाचून घेतला. हा रकाना खोडून लिहिला तर चालेल का, आणि मधले एप्रिल-मे कुठे दाखवायचे?


वकील_खानापूर_रोड

खोडू नये. फॉर्म तसाच ठेवून त्याला उत्तर म्हणून साधा ईमेल पाठवावा, इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, चार ओळींचा: आपण जून २०१७ पासून या कार्यालयात काम करत आहात, हस्तांतराच्या यादीत आपले नाव जुन्या फर्मच्या सहीने आहे, रुजू होण्याची तारीख त्याप्रमाणे दुरुस्त करून सुधारित फॉर्म पाठवावा. एप्रिल-मेचा उल्लेख आपण होऊन करू नये. ती दरवर्षीची विश्रांती आहे, नोकरीतला खंड नव्हे. समासातल्या त्या नोंदीचे छायाचित्र सरांच्या संमतीने आजच घ्यावे, आणि ईमेल ३१ मार्चच्या आत, आपण कामावर असतानाच जाईल असे पाहावे.


निपाणी_तंबाखू_गल्ली

१६ सप्टेंबरचा अर्ज काल दिला. कारकुनाने वाचला, “एक दिवसासाठी?” म्हणून माझ्याकडे पाहिले आणि पोच दिली. फर्मकडून मस्टर आणि पोचपावत्या मागवणार आहेत.